धन्वंतरी महालाचे दोन भाषांतील दप्तर

तंजावरचे दुसरे सरफोजी राजे (राज्यकाल १७९८–१८३२) यांनी धन्वंतरी महालात रुग्णचिकित्सा व औषधनिर्मिती यांची सोय केली. त्या कार्याशी संबद्ध दुर्मिळ वैद्यकग्रंथ व कागदपत्रे तेथील सरस्वती महाल ग्रंथालयात जतन झाली आहेत. त्यांत नेत्ररुग्णांच्या नोंदी असून सोबत डोळ्यांची चित्रेही आहेत. दरबारी दप्तर प्रामुख्याने मोडी लिपीतील मराठीत आहे. अनुभवसिद्ध औषधयोग मात्र ‘शरभेंद्र वैद्य मुरैगळ’ या मालेत तमिळ पद्यात ग्रथित झाले. कारण तमिळ वैद्यपरंपरेत ते पद्यातच सांगण्याचा प्रघात होता. परिणामी, मोडी न जाणणाऱ्या तमिळ अभ्यासकास आणि तमिळ न जाणणाऱ्या मराठी अभ्यासकास या संग्रहाचा एकेक अंशच वाचता येतो. दोघांच्या सहकार्यावाचून त्याचे समग्र आकलन संभवत नाही.