खिडक्यांचे इस्पितळ

घरात कुणाला क्षय झाला की त्याची खाट सर्वांत आतल्या खोलीत जाते. खिडकी असली तर ती लावून घेतात. वारा लागू नये, खोकला शेजारी ऐकू जाऊ नये, आल्यागेल्याच्या नजरेस पडू नये, अशी त्यामागची कारणे. बाळंतिणीच्या खोलीची गत फारशी वेगळी नसते. पंचवीस-तीस वर्षांच्या प्रॅक्टिसमध्ये मी औषधाच्या जेवढ्या चिठ्ठ्या लिहिल्या, जवळजवळ तेवढ्याच वेळा ‘आधी ती खिडकी उघडा’ असेही सांगितले असेल. गोळ्या लोक घेतात. खिडकी मात्र डॉक्टरची पाठ वळली की पुन्हा लागते.

म्हणून आज औषधाबद्दल न लिहिता एका इमारतीबद्दल लिहितो. ही इमारत लंडनमधली, दीडशे वर्षांपूर्वीची. नाव सेंट थॉमस इस्पितळ. खिडकी हेच औषध मानून एवढे प्रचंड इस्पितळ उभारणारी माणसे होऊन गेली. त्यांचे काय चुकले आणि काय बरोबर निघाले ते पाहण्यासारखे आहे.

त्या काळी युरोपातल्या मोठ्या शहरातले इस्पितळ म्हणजे गरिबांची शेवटची जागा. पैसेवाला माणूस घरीच उपचार घेई. वॉर्डात जखमा सडत, एका रुग्णाची जखम चिघळली की रांगेतल्या सगळ्यांच्या जखमा चिघळत. क्लोरोफॉर्म प्रचारात आणणारे एडिंबरोचे डॉ. सिम्प्सन यांनी १८६९ साली आकडे गोळा केले. मोठ्या इस्पितळांत हात किंवा पाय कापलेल्या सुमारे २,१०० रुग्णांपैकी शेकडा ४१ दगावले होते. खेड्यापाड्यांत, रुग्णाच्या घरीच केलेल्या जवळजवळ तितक्याच शस्त्रक्रियांत दगावले शेकडा ११. डॉक्टर तसेच, हत्यारे तशीच. फरक इमारतीचा, असा निष्कर्ष अनेकांनी काढला.

याच निष्कर्षाला आणखी एक बाई आधीच पोचली होती. फ्लॉरेन्स नाइटिंगेलची ‘हातात दिवा घेतलेली परिचारिका’ ही गोष्ट आपण शाळेत वाचलेली असते. पण ही बाई दिव्यापेक्षा आकडेमोडीत जास्त तरबेज होती, हे शाळेत कुणी सांगत नाही. क्रिमियाच्या युद्धात १८५४ साली ती तुर्कस्तानातल्या स्कुटारीच्या लष्करी इस्पितळात गेली. ते इस्पितळ म्हणजे मूळची सैनिकांची बराक. खाली तुंबलेली गटारे, वर कोंदट दालने. फेब्रुवारी १८५५ मध्ये तिथे दाखल रुग्णांपैकी शेकडा ४२ मरत होते. मार्चमध्ये सरकारने पाठवलेल्या स्वच्छता आयोगाने गटारे साफ केली, हवा खेळती केली, आणि जूनपर्यंत हे प्रमाण शेकडा २ वर आले. परत आल्यावर तिने हे आकडे पुन्हा पुन्हा मांडून पाहिले. १८५९ मध्ये इस्पितळांच्या रचनेवर पुस्तक लिहिले. इस्पितळाने निदान रुग्णाचे नुकसान तरी करू नये, ही तिची पहिली अट होती. आजही किती इस्पितळे या अटीला उतरतील, हे वाचकांनीच ठरवावे.

सेंट थॉमस हे मध्ययुगापासूनचे धर्मादाय इस्पितळ. थेम्स नदीच्या दक्षिणेला सदर्क भागात होते. नाइटिंगेलने १८६० मध्ये परिचारिकांची शाळा काढली ती इथेच. त्याच सुमारास रेल्वे कंपनीला नव्या मार्गासाठी इस्पितळाची जागा हवी झाली. सुमारे तीन लाख पौंड घेऊन १८६२ साली इस्पितळाने जागा सोडली. नवी इमारत होईपर्यंत जवळजवळ नऊ वर्षे रुग्ण एका जुन्या करमणुकीच्या बागेत ठेवले होते. या बागेत पूर्वी प्राणिसंग्रहालय होते. जिराफांच्या घरात पटकीचे रोगी ठेवले असे सांगतात. जिराफाचे घर उंच असणार, तेव्हा हवेच्या दृष्टीने निवड काही वाईट म्हणता येत नाही!

नवे इस्पितळ कुठे बांधावे यावर बरीच भांडणे झाली. नाइटिंगेलचे म्हणणे, शहराबाहेर मोकळ्यावर न्या. तिचे ऐकले गेले नाही. शेवटी पार्लमेंटच्या बरोबर समोर, नदीच्या पलीकडच्या काठावर, बांध घालून मिळवलेल्या जमिनीवर जागा ठरली. वास्तुकार हेन्री करी. १८६८ मध्ये राणी व्हिक्टोरियाने पायाभरणी केली आणि १८७१ मध्ये तिनेच उद्घाटन केले.

जागेबाबत नाही, पण रचनेबाबत नाइटिंगेलचे विचार जसेच्या तसे उतरले. पूर्वी इस्पितळ म्हणजे मधे चौक आणि चारी बाजूंनी खोल्या, आपल्या वाड्यासारखे. एका खोलीतली हवा दुसरीत. इथे एकच भव्य इमारत बांधण्याऐवजी सात स्वतंत्र इमारती नदीकाठी ओळीने उभ्या केल्या. दोन इमारतींमध्ये सव्वाशे फुटांचे मोकळे अंतर. सगळ्यांना जोडणारा फक्त एक लांब व्हरांडा. फणीचे दात जसे मागच्या पट्टीला जोडलेले असतात, तशी ही रचना. पॅरिसच्या एका इस्पितळात ही पद्धत काही वर्षे आधी आली होती. इंग्रजांनी ती उचलली.

प्रत्येक मजल्यावर एकच लांब वॉर्ड. लांबी १२० फूट, रुंदी २८, उंची १५, आणि खाटा २८. गुणाकार करून पाहा, दर रुग्णामागे १,८०० घनफूट हवा येते. दोन्ही लांब भिंतींना समोरासमोर उंच खिडक्या, त्यांच्यामध्ये भिंतीला डोके करून खाटा. दर दोन खाटांमागे निदान एक खिडकी असावी आणि ती छताच्या जवळपास पोचावी, हा नाइटिंगेलचा आग्रह. कारण गरम आणि वापरलेली हवा वर चढते. खिडकी बुटकी असली तर ती हवा छताखाली कोंडून राहते. संडास आणि मोऱ्या वॉर्डाच्या टोकाला बाहेर काढलेल्या, मध्ये हवा खेळणारी मोकळी जागा, म्हणजे तिथला वास वॉर्डात येऊ नये. थंडीसाठी उघड्या शेकोट्या. शेकोटीचे धुराडे खोलीतली हवा सतत वर ओढून घेते, हा तिचा दुसरा उपयोग. आणि मधल्या टेबलाशी बसलेल्या परिचारिकेला सर्व रुग्ण एका नजरेत दिसत.

दोन वर्षांपूर्वी लंडनला पुतणीकडे गेलो होतो. तेव्हा मुद्दाम हे इस्पितळ पाहायला गेलो. सात इमारतींपैकी दक्षिणेकडच्या तीन उरल्या आहेत. उत्तरेकडच्या १९४० च्या जर्मन बॉम्बहल्ल्यांत उद्ध्वस्त झाल्या. त्या काळात इस्पितळाने तळघरात शस्त्रक्रिया चालू ठेवल्या होत्या. उद्ध्वस्त भागाच्या जागी पुढे काचेच्या पट्ट्यांच्या नव्या चौकोनी इमारती आल्या. नदीकाठच्या भिंतीवर २०२१ साली कोविडमध्ये गेलेल्यांच्या नातेवाइकांनी लाल बदाम रंगवले आहेत, माणसामागे एक. दोन लाखांहून अधिक. त्यांचे पंतप्रधान जॉन्सन यांनाही एप्रिल २०२० मध्ये याच इस्पितळात अतिदक्षता विभागात ठेवले होते. त्या बदामांच्या भिंतीपासून जुन्या खिडक्या दिसतात. मी तिथे बराच वेळ उभा होतो.

आता चूक काय झाली ते सांगतो. नाइटिंगेलच्या काळी रोग घाणेरड्या हवेतून, दुर्गंधीतून आपोआप उपजतात अशी समजूत होती. जंतूंवर तिचा बराच काळ विश्वास नव्हता. हे इस्पितळ बांधून होण्याआधीच, १८६७ मध्ये, लिस्टरने कार्बोलिक वापरून जखमा निर्जंतुक ठेवण्याची पद्धत प्रसिद्ध केली होती. चिघळणाऱ्या जखमांचे खरे कारण डॉक्टरांचे हात, हत्यारे आणि बोळे हे होते. त्यावर खिडकीचा इलाज नव्हता. १८८२ मध्ये कॉखने क्षयाचा जंतू शोधला आणि दुर्गंधीचा सिद्धांत मागे पडला. पुढे पेनिसिलीन, स्ट्रेप्टोमायसिन आले. मग वास्तुकारांना वाटू लागले की आता एवढी उंच छते कशाला? छते खाली आली, खिडक्या लहान झाल्या. मोठ्या वॉर्डात आडोसा नसतो, शेजारच्याचे मरण बाकीच्यांना पाहावे लागते, ही तक्रारही खरीच होती.

पण गंमत अशी, की क्षयाचा जंतू जातो हवेतूनच. खोकणाऱ्याच्या तोंडातून निघालेले अतिसूक्ष्म कण बंद खोलीत तासन् तास तरंगत राहतात. सिद्धांत चुकीचा होता, खिडकी बरोबर होती. पेरू देशातल्या लिमा शहरात संशोधकांनी आठ इस्पितळांतल्या ७० खोल्यांत हवा तासाला किती वेळा बदलते ते मोजले आणि २००७ साली प्रसिद्ध केले. दारे-खिडक्या उघडल्यावर १९५० पूर्वीच्या, उंच छताच्या जुन्या इमारतींत हवा तासाला सुमारे ४० वेळा बदलत होती. नव्या इमारतींत १७ वेळा. यंत्राने हवा खेळवण्याच्या खोल्यांसाठी शिफारस असते १२ ची. म्हणजे वीज न लागणारी जुनी खिडकी यंत्राच्या पुढे निघाली.

आपल्याकडे याच काळातले जुने दगडी दवाखाने आठवा. पुण्याचे ससून १८६७ चे. लहान गावांतही सरकारी दवाखान्याला रुंद व्हरांडा, मंगलोरी कौले, छताजवळ झरोके असत. आता कोणत्याही तालुक्याच्या गावी जा. दुकानाच्या गाळ्यांवर इस्पितळ असते. दहा बाय बाराची खोली, दहा फूट उंची, तीन खाटा. माणशी ४०० घनफूट हवा, तीही नातेवाईक धरले नाहीत तर. वर एसी. पुष्कळांना वाटते एसी हवा शुद्ध करतो. भिंतीवरचा स्प्लिट एसी बाहेरची हवा आत आणत नाही. खोलीतलीच हवा थंड करून पुन्हा पुन्हा फिरवतो. एकजण खोकला तर सर्वांना वाटून देतो. जगातल्या क्षयरोग्यांपैकी सुमारे पाव रोगी भारतात आहेत. अशा देशात दवाखान्याची तपासणीपूर्वी बसायची जागा बंद काचेची असावी, हे माझ्या बुद्धीला पटत नाही. जमेल तिथे खोकणाऱ्या रुग्णांना व्हरांड्यात बसवावे, एवढे तरी माझ्या व्यवसायबंधूंनी करावे.

घरी काय करायचे? रुग्णाची खोली अशी निवडा, की जिला समोरासमोर दोन उघडी तोंडे आहेत. दोन खिडक्या नसतील तर खिडकी आणि दार. एकच खिडकी असेल तर टेबलफॅन खिडकीकडे तोंड करून ठेवा, म्हणजे खोलीतली हवा बाहेर ढकलली जाईल. शक्य तर दिवसा रुग्णाला ओसरीवर किंवा अंगणात बसू द्या. खोकताना तोंडावर रुमाल हवाच. लहान मुलांना त्या खोलीत झोपवू नका. योग्य औषधे नियमित सुरू झाली की साधारण दोन आठवड्यांत संसर्गाचा धोका बराच कमी होतो. मात्र औषधांना दाद न देणारा क्षय असेल तर डॉक्टर सांगतील तोवर काळजी चालू ठेवा. बरे वाटले म्हणून गोळ्या मधेच सोडू नका, पूर्ण मुदत घ्या. थंडीत रुग्णाला जादा पांघरूण द्या, खिडकी लावू नका.

राहता राहिली डासांची तक्रार. खिडकीला जाळी बसवून घ्या, आणि ती महिन्यातून एकदा धुवा. धुळीने बुजलेल्या जाळीतून हवा येत नाही.