उन्हाळ्याची सुटी आणि तिचें मोल

वार्षिक परीक्षा संपून शाळांचीं दारें बंद झालीं, कीं घरोघरीं एकच प्रश्न उभा राहतो : आतां या मुलांचें करावयाचें काय? पूर्वीं हा प्रश्न आजोळ सोडवीत असे. आतां आजोळहि बहुधा शहरांतच असतें, आणि तेथील मामाहि सकाळींच कचेरीची वाट धरतो. म्हणून शहरोशहरीं सुटींतील वर्ग व शिबिरें निघालीं आहेत. त्यांना नांवें ठेवण्याचा आमचा हेतु नाहीं. कांहीं वर्ग खरोखरच चांगले असतात. परंतु त्यांची फी सर्वांनाच झेपत नाहीं, आणि एकत्र कुटुंबांत तर यांतून एक निराळेंच दुखणें उत्पन्न होतें. तें आम्हीं आमच्याच घरीं पाहिलें.

आम्ही उमरीस राहतों. आमचे दोघे मुलगे नांदेडास एकाच घरांत, एकाच चुलीवर नांदतात. एकाची मिळकत बरी, दुसऱ्याची बेताची. गेल्या उन्हाळ्यांत थोरल्याच्या तिन्ही मुलांचीं नांवें एका शिबिरांत घालण्याचें ठरलें. धाकट्याची मुलगी नऊ वर्षांची. ती आम्हांस म्हणाली, "आजोबा, मला नाहीं आवडत तसले वर्ग." पस्तीस वर्षें मुलें शिकविल्यावर, न आवडणें आणि न परवडणें यांतील भेद ओळखावयास वेळ लागत नाहीं. पोरीनें बापाची अडचण झांकली होती. आम्हीं थोरल्या मुलाशीं व सूनबाईंशीं बोललों. त्यांनीं मनाचा मोठेपणा दाखवून नांवें काढून घेतलीं, आणि सहा आठवडे चौघांचाहि भार आम्हीं आपल्या अंगावर घेतला. अट एकच : कोठेंहि फी म्हणून एक पैसाहि द्यावयाचा नाहीं.

मे महिन्यांत नांदेडचा पारा चाळीस अंशांपलीकडे जातो. म्हणून बाहेरचें सारें सकाळीं आठच्या आंत, हा पहिला नियम. आणि नदीच्या पाण्यांत मोठ्या माणसावांचून पाऊल टाकावयाचें नाहीं, हा दुसरा. गोदावरीच्या घाटावर बसून मुलांना विचारलें, 'हें पाणी कोठून आलें व कोठें जाणार?' त्र्यंबकेश्वराजवळ उगम पावून ही नदी १४६५ किलोमीटर चालते व बंगालच्या उपसागरास मिळते. घरीं परत येऊन मुलांनीं फरशीवर खडूनें नाशिक, पैठण, नांदेड, बासर, राजमहेंद्री अशी सारी वाट काढली.

एके सकाळीं सचखंड गुरुद्वारांत गेलों. गुरु गोविंदसिंगांचें निर्याण १७०८ सालीं नांदेडास झालें. पुढें महाराजा रणजितसिंगांनीं १८३२ ते १८३७ या काळांत हें मंदिर बांधविलें. लंगरांत येईल त्यास विनामूल्य जेवण मिळतें. पंगतींत शेजारीं कोण बसला आहे, हें तेथें कोणी विचारीत नाहीं. जेवण झाल्यावर मुलें आपण होऊन ताटें घासावयास बसलीं. घरीं स्वतःचें पाण्याचें भांडें न उचलणारा आमचा मोठा नातूहि त्यांत होता!

परंतु सर्वांत अधिक आनंद दिला तो गच्चीवरील एका काठीनें. कर्कवृत्ताच्या दक्षिणेस राहणाऱ्यांच्या अगदीं माथ्यावर सूर्य वर्षांतून दोनदां येतो. नांदेड सुमारें १९ अंश अक्षांशावर असल्यानें हा योग तेथें मेच्या १५-१६ तारखेस येतो. दुसरा जुलैच्या अखेरीस, पण तो बहुधा ढगांत जातो. ओळंबा लावून काठी सरळ उभी केली. आपल्या जुन्या ज्योतिषांतला शंकु तो हाच. सूर्याकडे न पाहतां, तिच्या सावलीचें टोंक रोज खडूनें टिपावयाचें. प्रथम नवल हें, कीं सावली बाराच्या ठोक्याला नव्हे, तर सव्वाबाराच्या सुमारास सर्वांत आंखूड होते. आपलें घड्याळ साडेब्याऐंशी रेखांशाची वेळ दाखवितें. नांदेड त्याच्या पश्चिमेस सुमारें पांच अंश. दर अंशास चार मिनिटें, म्हणजे वीस मिनिटें झालीं. त्या दिवसांत त्यांतून आणखी तीन-चार मिनिटें वजा होतात. १६ तारखेस सावली काठीच्या बुडाशींच नाहींशी झाली. शिबिर बुडालें म्हणून आठ दिवस रुसलेला नातू तेथें आपण होऊन वही घेऊन बसला. चार दिवसांनीं धाकटी ओरडत खालीं आली, "आजोबा, सावली पलीकडे गेली!" आणि खरेंच, इतके दिवस उत्तरेस पडणारी माध्यान्हींची सावली आतां दक्षिणेस पडत होती. ही गोष्ट तिला कोणीं सांगितली नव्हती.

रात्रीं त्याच गच्चीवर अंथरुणें पडत. सप्तर्षींच्या शेपटीची कमान पुढें वाढविली कीं स्वाती व मग चित्रा सांपडते, आणि वसिष्ठाशेजारची अरुंधती ज्याला दिसेल त्याची दृष्टि चांगली. मधल्या दुपारीं आजीच्या हाताखालीं सांडगे-कुरडया होत. एक दिवस मुलांना आगगाडीनें उमरीस आणिलें, आणि ३० जानेवारी १९४८ रोजीं मुक्तिसंग्रामांतील सैनिकांनीं येथील बँक कशी लुटली, तें वडिलांच्या तोंडून ऐकलें होतें तसें सांगितलें. तिकिटाचे पैसे मात्र पडले, हें कबूल केलें पाहिजे.

सहा आठवडे हें सर्व फुकट झालें काय? छे! आमची दुपारची झोंप गेली, वर्तमानपत्रें न वाचतांच रद्दींत पडलीं, आणि गुडघ्यांनीं जिन्याविषयीं पुष्कळ तक्रार केली. फी टळली, तरी वेळ द्यावाच लागला. आणि तो बापानें दिला काय, आजोबानें दिला काय, सारखाच. ज्यांच्या घरीं आजोबा नाहींत, त्यांनीं संध्याकाळचा अर्धा तास द्यावा. एवढा वेळ दिला, तर निदान घरांतील एखाद्या मुलास 'मला आवडत नाहीं' असें खोटें बोलावें लागणार नाहीं.