जहाजाच्या तळावरचे शेवाळ

ओहोटीच्या वेळी कोकणातल्या खडकांवर जे हिरवे, निसरडे शेवाळ दिसते, त्यात उल्वा बऱ्याचदा असते. जगभरच्या जहाजांच्या तळालाही हीच उल्वा चिकटते. तळ खरखरीत होतो, पाण्याचा विरोध वाढतो आणि इंधन जास्त जळते. जुना उपाय विषाचा. १९७०च्या दशकात ट्रायब्युटिल टिन हे कथिलाचे संयुग रंगात मिसळत. त्यामुळे फ्रान्समधील आर्काशाँ उपसागरातल्या कालवांची कवचे जाड, वेडीवाकडी झाली, पिल्ले जगेनात. फ्रान्सने १९८२ मध्ये २५ मीटरहून लहान बोटींना ते वापरण्यास बंदी केली. आंतरराष्ट्रीय बंदी अमलात यायला २००८ साल उजाडले.

विषाशिवाय काही जमेल का? आधी शेवाळ चिकटते कसे ते पाहू. उल्वाचा चलबीजाणू सुमारे ५ मायक्रॉनचा असतो. चार कशाभिकांनी पोहत तो पृष्ठभाग चाचपतो आणि जागा पसंत पडली की डिंकासारखे ग्लायकोप्रोटीन सोडून स्वतःला डकवतो.

सिलिकोन हे बहुवारिक पाण्याला दूर ठेवते. मग त्यावर बीजाणू बसतच नसतील? तसे नाही. जलविरोधी पृष्ठभागावर ते उलट जास्त संख्येने बसतात! पण सिलिकोनवर रुजलेल्या कोवळ्या रोपांची पकड कच्ची असते; जहाज वेगाने निघाले की ती धुऊन जातात. बसणे वेगळे, टिकून राहणे वेगळे.

मग टेफ्लॉन का नको? त्याची पृष्ठऊर्जा तर सिलिकोनपेक्षाही कमी. आम्हाला यातली खरी गंमत इथेच वाटते. सिलिकोन रबरासारखे मऊ असते. ओढ बसली की ते किंचित ताणले जाते, डिंकाची कड सुटते आणि तिथून तो सोलला जातो. टेफ्लॉन कडक, त्यामुळे डिंक एकदम उपटावा लागतो. वर्गात चिकटपट्टीने हे दाखवावे: कडेपासून सोलली तर सहज निघते, पृष्ठभागाला समांतर ओढली तर निघता निघत नाही.

डायाटम नावाच्या एकपेशीय शैवालांचे मात्र उलटे. ते सिलिकोनलाच घट्ट धरतात, जलस्नेही पृष्ठभागावर सैल. म्हणून जलस्नेही आणि जलविरोधी तुकडे शेजारी शेजारी असलेली बहुवारिके आता करतात.

बंदरात महिनोन्‌महिने नांगरलेल्या बोटीला सिलिकोनचा फारसा उपयोग नाही. तिथे आजही बहुधा तांब्याच्या ऑक्साइडचा रंगच लावतात आणि त्यातले तांबे पाण्यात उतरत राहते.