घर बदलतंय, बागेचं काय?

'आपण हे घर विकतोय' असं बोलणं सुरू झालं, की खोक्यांची यादी लगेच होते. पुस्तकं, सायकल, पंखे, भांडी! पण अंगणातल्या जास्वंदीचं, मोगऱ्याचं काय? त्यांना काही खोक्यात घालता येत नाही. म्हणून त्यांची तयारी सगळ्यात आधी, निदान दोन महिने अगोदर करायची.

पहिला प्रश्न, बाग कुणाची? कुंडीतली झाडं आपली. ती सोबत नेता येतात. जमिनीत रुजलेल्या झाडांचं मात्र वेगळं आहे बरं का! १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यानुसार, दुसरं काही ठरलं नसेल तर ती घराबरोबर नव्या मालकाकडे जातात. एखादा गुलाब न्यायचाच असेल, तर आई-बाबांना आधीच सांगा. ते व्यवहारातच तसं लिहून घेतील. बाग बघून घर पसंत करणाऱ्याला नंतर नुसते खड्डे दिसले, तर काय वाटेल त्याला?

पण झाड न उपटताही झाड नेता येतं! जास्वंदीची पेन्सिलीएवढी जाड, वीतभर फांदी डोळ्याच्या जरा खाली कापा. खालची पानं काढून ती ओल्या मातीत खोचा आणि कुंडी सावलीत ठेवा. पावसाळ्यात साधारण महिना-दीड महिन्यात मुळं धरतात. मोगऱ्याची फांदी वाकवून, थोडी साल खरवडून, तो भाग शेजारच्या कुंडीतल्या मातीत दाबा. वर दगड ठेवा. हे झालं दाब कलम! मुळं फुटली की फांदी आईपासून कापून वेगळी करायची. गवती चहाचा ठोंब, कोरफडीचं पिल्लू तर सहज निघतं. तुळशीच्या मंजिऱ्या आणि गुलबक्षीच्या काळ्या बिया कागदाच्या पुडीत मावतात.

आणि आजोबांनी लावलेला आंबा? तो नेता येत नाही. त्याची कोय रुजवली, तरी फळ तस्संच येईल याची खात्री नसते. तीच चव हवी असेल, तर त्याच झाडाची काडी घेऊन माळीकाकांकडून कलम बांधून घ्यावं लागतं.

जायचंच आहे म्हणून पाणी घालणं मात्र थांबवू नका. तण काढा, वाळकी पानं खतात टाका. कुंड्यांखालच्या ताटल्यांतलं पाणी दर आठवड्याला ओता, नाहीतर त्यात डास वाढतात. रिकाम्या वाफ्यात मेथी पेरा. तीन-चार आठवड्यांत भाजी ताटात!

नव्या घरी ऊन कुठे येतं, ते आधी बघून या. मोगरा, जास्वंद उन्हाशिवाय फुलायचे नाहीत. टेम्पोतून जाताना कुंड्यांना गोणपाटाचा आडोसा करा आणि पोचल्यावर काही दिवस त्यांना कडक उन्हात ठेवू नका.

आता शेवटचं काम. एका कागदावर बागेचा नकाशा काढा. कुठलं झाड कुठे, कशाला किती पाणी, आंब्याला मोहोर कधी येतो, बुलबुल घरटं कुठे बांधतो, सगळं लिहा. नव्या माणसांना हे कोण सांगणार? शहरात स्वतःच्या आवारातलं झाड तोडायलाही १९७५ च्या झाडांविषयीच्या कायद्याप्रमाणे परवानगी लागते, हे खरं. पण ज्या झाडाची ओळख झालेली असते, त्याच्यावर कुऱ्हाड चालवायला हात सहसा उचलत नाही. ती ओळख करून देणं तुमच्याच हातात आहे!