कोंबडीच्या शेपटीखालचं कोडं

लशीवर काहीही लिहिलं की वाचकांकडून एक प्रश्न हमखास येतो. 'लस घेऊन काही वर्षं झाली. आता रक्त तपासलं तर अँटिबॉडी फारच कमी दिसताहेत. म्हणजे माझी प्रतिकारशक्ती संपली का?' कोविडच्या काळात हा प्रश्न घरोघरी विचारला गेला. हेपटायटिस-बीची लस घेतलेल्या डॉक्टर-नर्सना तो आजही पडतो. त्याचं उत्तर 'नाही, तेवढ्यावरून तसं म्हणता येत नाही' असं आहे. ते तसं का आहे, हे कळलं ते मात्र कोंबड्यांमुळे. आणि ज्या माणसामुळे कळलं, त्याचं नाव वैद्यकाच्या विद्यार्थ्यांनाही क्वचितच माहीत असतं. त्याचं नाव ब्रूस ग्लिक.

१९५० च्या दशकाच्या सुरुवातीला ग्लिक अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठाच्या कुक्कुटपालन विभागात संशोधन करत होता. एकदा त्याचे प्राध्यापक हंसाचं विच्छेदन करत असताना त्याला शेपटीच्या मुळाशी, विष्ठामार्गाच्या वरच्या अंगाला चिकटलेली एक छोटी थैली दिसली. ही कशासाठी असते, असं त्याने विचारलं. प्राध्यापकांनी सांगितलं की प्रश्न चांगला आहे, उत्तर तूच शोधून काढ. शिक्षकाने दिलेलं इतकं मोलाचं उत्तर माझ्या वाचनात दुसरं नाही.

थैली नवीन नव्हती. इटलीतल्या पादुआचे शरीरशास्त्रज्ञ फॅब्रिशियस यांनी तिचं वर्णन करून ठेवलं होतं. त्यांच्या मृत्यूनंतर १६२१ मध्ये छापल्या गेलेल्या ग्रंथात ते आहे. रक्ताभिसरणाचा शोध लावणारे विल्यम हार्वे हे त्यांचेच शिष्य. गुरूंना वाटलं, मादी या थैलीत वीर्य साठवत असावी. शिष्याला ते पटलं नाही. तेव्हापासून तिला 'बर्सा ऑफ फॅब्रिशियस' म्हणजे फॅब्रिशियसची थैली हे नाव पडलं. पण तिचं काम काय, हे पुढची तीन शतकं कुणी सांगू शकलं नाही. मोठ्या कोंबडीतून ती काढून टाकली तरी कोंबडीचं काही बिघडत नसे.

ग्लिकने आधी अगदी साधं काम केलं. वेगवेगळ्या वयाच्या पिल्लांमधली ही थैली काढून तो वजन करत गेला. अंड्यातून बाहेर आल्यावरच्या पहिल्या काही आठवड्यांत ती झपाट्याने वाढते आणि कोंबडी वयात आली की आक्रसून जाते, असं त्याला दिसलं. मग आधीच्या संशोधकांच्या हाती काही का लागलं नाही, हेही त्याच्या ध्यानात आलं. ती मंडळी थैली काढत होती ती तिचं काम उरकल्यावर! ग्लिकने अगदी कोवळ्या पिल्लांमधली थैली काढली. तरीही पिल्लं वाढली, चालली-फिरली, दिसायला इतरांसारखीच राहिली. प्रयोग फसला असंच कुणीही म्हटलं असतं.

त्याच सुमारास टिमोथी चँग या त्याच्या सहाध्यायाला वर्गात एक प्रात्यक्षिक दाखवायचं होतं. कोंबडीला साल्मोनेला जिवाणूंचं प्रतिजन टोचायचं, काही दिवसांनी तिचं रक्त काढायचं, त्यातला सीरम जिवाणूंच्या द्रावात मिसळायचा. रक्तात अँटिबॉडी तयार झाल्या असतील तर जिवाणू एकमेकांना चिकटून बारीक गुठळ्या दिसतात. चँगला कोंबड्या हव्या होत्या, ग्लिककडे प्रयोगातून उरलेल्या होत्या. त्याने त्या दिल्या. प्रात्यक्षिक विस्कटलं. काही कोंबड्यांच्या सीरममध्ये गुठळ्या झाल्याच नाहीत, द्राव गढूळच्या गढूळ राहिला. दोघांनी नोंदी ताडून पाहिल्या. अँटिबॉडी न बनवणाऱ्या कोंबड्या त्याच निघाल्या, ज्यांची थैली पिल्लूपणी काढलेली होती.

इथे मला थांबून या दोघांना दाद द्यावीशी वाटते. बिघडलेलं प्रात्यक्षिक म्हणून वही मिटणं किती सोपं होतं! त्यांनी नोंदी उघडल्या, मग अधिक पिल्लं घेऊन प्रयोग पुन्हा केला, आणि तोच निकाल मिळाल्यावर शोधनिबंध लिहिला. 'सायन्स' या नामांकित नियतकालिकाने तो परत पाठवला. अखेर १९५६ मध्ये तो 'पोल्ट्री सायन्स'मध्ये छापून आला. पानं जेमतेम दोन. माणसांच्या रोगांवर काम करणाऱ्यांपैकी ते नियतकालिक वाचत होतं कोण? पुढची काही वर्षं विसाव्या शतकातला एक थोर शोध अंडी आणि खाद्यावरच्या लेखांच्या शेजारी पडून राहिला.

या कोंबड्यांची आठवण व्हावी असं माणसांतलं एक उदाहरण तेव्हा वैद्यकापुढे होतं. वॉशिंग्टनच्या लष्करी रुग्णालयातले बालरोगतज्ज्ञ ऑग्डेन ब्रूटन यांनी १९५२ मध्ये आठ वर्षांच्या एका मुलाची हकीकत प्रसिद्ध केली होती. त्याला न्यूमोकॉकस जिवाणूंचा संसर्ग पुन्हा पुन्हा होई. रक्ततपासणीत प्रथिनांचा एक गटच गायब आढळला. ज्यात अँटिबॉडी असतात तो, गॅमा ग्लोब्युलिनचा. निरोगी लोकांच्या रक्तातून काढलेलं गॅमा ग्लोब्युलिन ब्रूटन त्याला टोचू लागले आणि आजारपणं थांबली. विशेष असं की या विकाराची मुलं गोवर, कांजिण्या यांसारख्या विषाणूजन्य आजारांतून मात्र साधारणपणे इतर मुलांसारखीच बरी होतात. अँटिबॉडी नसतानाही! म्हणजे शरीरात संरक्षणाची आणखी एक व्यवस्था असणार.

ती सापडली लंडनमध्ये. जॅक मिलर हे तरुण संशोधक उंदरांच्या रक्ताच्या कर्करोगावर काम करत होते. त्यासाठी ते छातीच्या हाडामागची थायमस ग्रंथी काढत. थायमस म्हणजे लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींचं स्मशान, ही तेव्हाची समजूत. मोठ्या उंदरात ती काढली तर काहीच बिघडत नाही, हे त्या समजुतीला पूरकच होतं. मिलर यांनी ती नुकत्याच जन्मलेल्या पिल्लांमधून काढली. ती पिल्लं खंगत गेली, संसर्गांना बळी पडली, त्यांच्या रक्तात लिम्फोसाइट फार थोड्या उरल्या. परकी कातडी त्यांच्या अंगावर लावली तर ती नाकारली न जाता रुजली. १९६१ मध्ये हे 'लॅन्सेट'मध्ये आलं. मिलर यांनी ग्लिकच्या कोंबड्यांवरून धडा घेतला होता असं नाही. पण दोघांनाही यश मिळालं ते एकाच कारणाने: अवयव काढण्याची वेळ. हे दोन्ही अवयव आयुष्याच्या आरंभी पेशी घडवतात आणि नंतर आक्रसत जातात. पेशी अंगभर पोचल्यावर अवयव काढून काय कळणार?

दोन धागे एकत्र गुंफले मॅक्स कूपर यांनी. अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात रॉबर्ट गुड यांच्याकडे काम करणारे हे बालरोगतज्ज्ञ पुन्हा कोंबडीकडे वळले, कारण तिच्यात थैली आणि थायमस हे दोन्ही अवयव वेगवेगळे हाताशी होते. नुकत्याच जन्मलेल्या पिल्लांपैकी काहींची थैली काढली, काहींचा थायमस. अंड्यात असतानाच अंगभर पसरलेल्या पेशी मागे राहू नयेत म्हणून पिल्लांना क्ष-किरणही दिले. १९६५ मध्ये निकाल हाती आला. थैली नसलेल्यांना अँटिबॉडी बनवता येईनात, पण परकी कातडी ती नाकारू शकत होती. थायमस नसलेल्यांचं उलट झालं. लिम्फोसाइट दिसायला एकसारख्या, पण त्यांची घराणी दोन! बर्सात घडणाऱ्या त्या बी पेशी, थायमसमध्ये घडणाऱ्या त्या टी पेशी. माणसात ही थैली नाही. आपल्या बी पेशी गर्भावस्थेत आधी यकृतात आणि मग अस्थिमज्जेत तयार होतात, हे समजायला आणखी दहाएक वर्षं गेली.

या दोन घराण्यांची कामं कशी वाटलेली आहेत ते पाहू. कुठला जंतू कधी येईल हे शरीराला आधी ठाऊक नसतं, तरी बी पेशी जवळपास कशालाही बसणारी अँटिबॉडी बनवतात. ते जमतं कसं? स्वयंपाकघरातल्या त्या फळीची आठवण करा, जिच्यावर हरतऱ्हेची झाकणं एकावर एक रचलेली असतात. नवा डबा आला की माप घेऊन झाकण घडवायला कुणी जात नाही. हातात येईल ते एकेक झाकण लावून बघायचं. एखादं नीट बसतं. शरीर असंच आधीपासून कोट्यवधी आकारांच्या बी पेशी तयार ठेवतं, प्रत्येकीचा आकार वेगळा. जंतू आला की ज्या पेशीचा आकार त्याला बसेल तीच निवडली जाते, आणि तिच्याच हजारो प्रती निघतात. त्यातही जी प्रत अधिक घट्ट बसेल ती पुढे ठेवली जाते. उरलेली झाकणं फळीवरच राहतात, आयुष्यात बहुतेकांना डबा मिळतच नाही. निवडीचा हा सिद्धान्त ऑस्ट्रेलियाच्या मॅकफार्लेन बर्नेट यांनी १९५७ मध्ये मांडला.

पण अँटिबॉडी पेशीच्या आत शिरू शकत नाहीत. विषाणू एकदा पेशीत घुसला की काम टी पेशींचं. संसर्ग झालेली पेशी ओळखून त्या तिला मारतात. त्यांच्यातल्याच मदतनीस पेशी बी पेशींना बळकट अँटिबॉडी बनवायला चालना देतात. या घातक कामाची परवानगी सहज मिळत नाही. थायमसमध्ये तयार होणाऱ्या टी पेशींपैकी बहुसंख्य तिथेच मरतात. ज्यांना काहीच ओळखता येत नाही त्या, आणि ज्या आपल्याच शरीरावर तुटून पडतील त्याही. मिलर यांच्या आधीच्या लोकांना थायमस हे स्मशान वाटलं त्याचं कारण हेच. मरणाऱ्या पेशी त्यांना दिसल्या, घडून बाहेर पडणाऱ्या दिसल्या नाहीत.

आता वाचकांच्या प्रश्नाचं उत्तर सोपं होतं. रक्तातल्या अँटिबॉडी हा आजचा साठा आहे. धोका टळला की तो ओसरतो आणि ओसरायलाच हवा. मागे राहतात त्या निवडून ठेवलेल्या स्मृतिपेशी, बी आणि टी दोन्ही घराण्यांतल्या. तोच जंतू पुन्हा आला तर त्या काही दिवसांत साठा उभा करतात. हेपटायटिस-बीच्या लशीला ज्या निरोगी माणसाने सुरुवातीला चांगला प्रतिसाद दिला, त्याच्या अँटिबॉडी पुढे मोजण्याइतक्या न उरल्या तरी त्याचं संरक्षण टिकतं, असा दीर्घ अनुभव आहे. नाक-घशात झपाट्याने शिरणाऱ्या आणि रूप बदलणाऱ्या विषाणूंच्या बाबतीत संसर्ग टाळायला ताजा साठा लागतो, म्हणून तिथे बूस्टर डोस असतात. पण तिथेही आजार गंभीर होऊ न देण्याचं काम स्मृतिपेशी करतात.

म्हणूनच 'इम्युनिटी बूस्टर' असा शिक्का मारलेल्या बाटल्या पाहून मला अस्वस्थ वाटतं. यातलं नेमकं काय वाढवायचं आहे? टी पेशी सरसकट चेकाळल्या तर संधिवातासारखे आजार होतात. प्रतिकारशक्तीचं सामर्थ्य निवडीत आहे. ठरावीक जंतूची ओळख आधीच करून देणं हे लस करते. ते बाटलीतल्या काढ्याने होत नाही.

ग्लिकचा धडा आपल्या पोल्ट्रीवाल्यांना रोजच्या व्यवहारातून माहीत आहे. गंबोरो हा रोग नाशिक-पुण्याकडच्या कुठल्याही ब्रॉयलर शेडवर विचारा. त्याचा विषाणू पिल्लांच्या याच थैलीवर हल्ला करतो. कोवळ्या वयात थैली नासली की वाचलेलं पिल्लूही कमकुवत राहतं, आणि मानमोडीची लस देऊनही ती धड लागू पडत नाही. म्हणून साधारण दोन आठवड्यांच्या पिल्लांना गंबोरोची लस दिली जाते. तासा-दोन तासांसाठी पाणी काढून घ्यायचं, पिल्लं तहानली की लस कालवलेलं, दुधाची पावडर घातलेलं पाणी भांड्यांतून ठेवायचं. क्लोरीनचं पाणी चुकूनही वापरायचं नाही. नेमक्या वयाचा हा आग्रह म्हणजे १९५६ चा तो शोधनिबंधच आहे.

आणि याच दोन घराण्यांच्या ज्ञानावर मुंबईतही एक मोठं काम उभं राहिलं आहे. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांनी विकसित केलेल्या 'नेक्सकार-१९' या कार-टी उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली. रुग्णाच्याच टी पेशी काढून घ्यायच्या, त्यांच्यात असा जनुक घालायचा की त्या बी पेशींवरची एक खूण ओळखतील, आणि त्या परत शरीरात सोडायच्या. बी पेशींचा कर्करोग मग टी पेशी संपवतात. त्यात निरोगी बी पेशीही मरतात, अँटिबॉडी घटतात, आणि अशा काही रुग्णांना इम्युनोग्लोब्युलिन द्यावं लागतं. ब्रूटन यांनी त्या मुलाला दिलं होतं तेच.

मिलर आणि कूपर यांना २०१९ मध्ये लास्कर पुरस्कार मिळाला. तो मिळायलाच हवा होता. पण तोपर्यंत ग्लिक हयात नव्हते, आणि चँग यांचं नाव तर तळटीपेतही क्वचित दिसतं. या दोघांनी काही सिद्ध करायला कोंबड्या घेतल्या नव्हत्या. एक अवयव कशासाठी आहे, एवढंच जाणून घ्यायचं होतं. आज संशोधनासाठी निधी मागताना उपयोग काय, हे आधी लिहून द्यावं लागतं. १९५० च्या दशकात त्या थैलीबद्दल असं काही लिहिणं कुणालाही शक्य नव्हतं. आपल्या पशुवैद्यकीय आणि कृषी महाविद्यालयांमध्ये असे प्रश्न विचारणारे विद्यार्थी आहेत. त्यांना उपयोगाचा रकाना कोरा ठेवण्याची मुभा आणि त्यासाठी थोडा पैसा, दोन्ही मिळायला हवेत.