मुकुंदवाडीची काजळी आणि चिमणीवरचा आळ

छत्रपती संभाजीनगरच्या मुकुंदवाडीत काजळीचा विषय निघाला की बोट जातं चिकलठाणा एमआयडीसीकडे. चिमणी लांबून दिसते, आळ घालायला तेवढं पुरतं. पण काजळी किती होणार हे चिमणीच्या उंचीवर ठरत नाही, जळण कसं जळतं यावर ठरतं. भरपूर हवा आणि कडक आच मिळाली तर इंधनातला कार्बन वायू होऊन जातो. हवा कमी पडली, लाकूड ओलं निघालं, आग नुसतीच धुमसत राहिली, की अर्धवट जळालेला कार्बन कण होऊन बाहेर पडतो. त्यामुळे नीट चालवलेल्या मोठ्या बॉयलरपेक्षा अंगणातला धुमसता बंब किलोभर इंधनामागे जास्त काजळी सोडतो. कारखाने यातून सुटले असं नाही. वीज गेल्यावर सुरू होणारे डिझेल जनरेटर आणि देखभाल नसलेले बॉयलर हिशेबात धरावेच लागतात.

‘पाचोळाच तर आहे, नैसर्गिक आहे’ हा समज मला सर्वांत घातक वाटतो. सकाळी झाडून गोळा केलेल्या ढिगात पानांबरोबर कॅरीबॅग, गुटख्याच्या पुड्या, रबराचे तुकडे असतात. शिवाय हा धूर उंच जातच नाही, थेट शाळेला निघालेल्या पोरांच्या नाकाशी असतो. फेब्रुवारी 2018 मध्ये नारेगावच्या ग्रामस्थांनी तिथल्या कचरा डेपोकडे जाणाऱ्या शहराच्या कचऱ्याच्या गाड्या अडवल्या. त्यानंतर कित्येक महिने शहरात ठिकठिकाणी ढीग साचले आणि अनेक ठिकाणी ते पेटवले गेले. राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर 2016 मध्येच उघड्यावर कचरा जाळायला देशभर बंदी घातली होती: साध्या जाळण्याला 5,000 रुपये दंड, मोठ्या प्रमाणावर जाळल्यास 25,000. दंडाची पावती फाडलेली कुणी पाहिलीय का, हा प्रश्न वेगळा.

धूर दिसला नाही म्हणजे काजळी नाही, असंही नाही. हे कण अडीच मायक्रॉनच्या खूप आत असतात. आपला केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड. जालना रोडवरच्या डिझेल गाडीमागे काळा लोट दिसतो तो फक्त ढोबळ भाग. 1 एप्रिल 2020 पासूनच्या बीएस-6 डिझेल गाड्यांना काजळी अडवणारी गाळणी आली, पण जुने ट्रक-टेम्पो अजून धावताहेत. डिझेलचा धूर कर्करोगकारक असल्याचं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने 2012 मध्येच जाहीर केलं आहे.

धूळ आणि काजळी एक समजण्याची चूकही सर्रास होते. रस्त्यावर पाणी मारलं की माती बसते. सायलेन्सरमधून आणि शेकोटीतून येणारा कार्बन त्याने थांबत नाही. तोंडाला रुमाल बांधून गाडी चालवणाऱ्यालाही धुळीपासून थोडा आडोसा मिळतो, काजळी आरपार जाते.

हिवाळ्यात गोष्ट बिघडते. रात्री जमिनीलगतची हवा थंड होते, वरची तुलनेने उबदार राहते आणि धूर वर न जाता वस्तीवर आडवा पसरतो. ज्याला आपण ‘धुकं’ म्हणतो त्यात शेकोट्यांचा वाटा असतो. घरातल्या उदबत्त्या आणि डासांच्या कॉइलही अशाच धुमसत काजळी सोडतात.

तंदूर मात्र कुणाच्या यादीत नसतो. मुंबईत जानेवारी 2025 मध्ये उच्च न्यायालयाने लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळायला सांगितलं. रस्त्याकडेच्या ढाब्यावर कोळसा पेटवताना निघणारा धूरही त्याच प्रकारचा, आणि त्याच्या शेजारीच आपण रोटीची वाट बघत उभे असतो.