पासबुकमध्ये जोर कुठे द्यायचा?

ताईंनो, पासबुक, कॅशबुक, पासवर्ड हे शब्द आपण प्रत्येक बैठकीत बोलतो. हे सगळे जोडशब्द. आपलं देवघर जसं देव आणि घर मिळून झालं, तसंच हे. बोलताना अडत नाही, पण मुलांच्या पुस्तकात असा लांब इंग्रजी शब्द दिसला की आपण वही पुढे सरकवतो. तसं करायची गरज नाही.

आधी सांधा शोधायचा: पास आणि बुक. मग तुकडे मोजायचे, तेही तोंडाने. ‘पासबुक’ लिहायला अक्षरं चार लागतात, पण बोलताना तुकडे दोनच: पास-बुक. हनुवटीखाली हात धरून सावकाश म्हणा. हनुवटी जितक्या वेळा खाली येईल तितके तुकडे. ‘न्यूजपेपर’चे तीन: न्यूज-पे-पर.

सांधा चुकला की वाचन फसतं. शेळ्या राखणाऱ्याला इंग्रजीत ‘गोटहर्ड’ म्हणतात. त्यात टी आणि एच शेजारी आल्यामुळे ‘गोथर्ड’ असं वाचलं जाऊ शकतं. गोट म्हणजे शेळी हे लक्षात आलं की बरोबर तुटतं. काही सांधे मात्र पार झिजलेत. कप आणि बोर्ड मिळून ‘कबर्ड’ झालं, त्यातला ‘प’ बोलताना गेलाच! तिथे पाठांतराला इलाज नाही.

आता जोर. जोर म्हणजे ओरडणं नव्हे, तो तुकडा जरा ठळक म्हणायचा. मराठीत जोर इकडचा तिकडे झाला म्हणून शब्दाचा अर्थ बदलत नाही. इंग्रजीत बदलू शकतो. ‘ग्रीन’वर जोर दिला तर ग्रीनहाऊस म्हणजे रोपं वाढवायची जागा. ‘हाऊस’वर दिला तर नुसतं हिरव्या रंगाचं घर. वस्तूचं नाव असलेल्या जोडशब्दात जोर बहुतेक वेळा पहिल्या शब्दावर असतो: पासबुक, पासवर्ड, हँडबॅग. पण प्रदर्शनात बॅग दाखवून “ही हँडमेड आहे” म्हणाल, तेव्हा जोर ‘मेड’वर. ‘होममेड’चंही तसंच.

शंका आली तर डिक्शनरी बघा. बऱ्याच डिक्शनऱ्यांत उच्चार लिहिताना वरच्या बाजूला एक बारीक उभी रेघ असते. ती ज्या तुकड्याच्या आधी, त्यावर जोर. मोबाईलवरच्या डिक्शनरीत स्पीकरचं चित्र दाबलं तर शब्द ऐकूही येतो.